सरळ चाल रे बाबा!

पहिला रोबो तयार झालाय. दोन पिवळ्या बीओ मोटर, आर्डुइनो युनो, मोटर ड्रायव्हर, बॅटरी. कोडमध्ये दोन्ही चाकांना सारखाच वेग दिलाय. स्विच ऑन केला आणि गाडी निघाली... डावीकडे! वायरिंग पुन्हा तपासता, कोड पुन्हा वाचता, सगळं बरोबर. चूक तुमची नाहीच मुळी. एकाच पाकिटातल्या दोन मोटरसुद्धा सारख्या फिरत नाहीत. मग एका चाकाला २००, दुसऱ्याला १८५ असा जुगाड सुरू होतो. तो बॅटरी उतरेपर्यंत टिकतो. आणि बॅटरी नेमकी टेकफेस्टच्या दिवशी उतरते.

त्यापेक्षा चाक किती फिरलं हे चाकालाच विचारा की! त्यासाठी लागतो एन्कोडर, आणि तो घरी बनतो. चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची कागदी चकती चिकटवायची आणि समोर टीसीआरटी ५००० हा सेन्सर बसवायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत तो सहज मिळतो. त्याला दोन डोळे असतात. निळसर डोळा इन्फ्रारेड प्रकाश टाकतो, काळा डोळा म्हणजे फोटोट्रान्झिस्टर, तो परत आलेला प्रकाश टिपतो.

एलईडीला ५ व्होल्टवरून २२० ओहमच्या रेझिस्टरमधूनच जोडा. साधारण १७ मिलिअँपिअर करंट जातो. रेझिस्टर विसरलात तर एलईडी गेलाच म्हणून समजा. फोटोट्रान्झिस्टरचा एमिटर ग्राउंडला, कलेक्टर १० किलोओहममधून ५ व्होल्टला, आणि कलेक्टरवरूनच एक वायर आर्डुइनोला. पांढरी पट्टी समोर आली की व्होल्टेज खाली येतं, काळी आली की वर जातं. चकतीपासून अंतर अडीच मिलिमीटरच्या आसपास ठेवा. एलईडी पेटलाय का, हे डोळ्यांना दिसणार नाही. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा, बहुतेक वेळा फिकट जांभळा ठिपका दिसतो.

आता खरी गोची. मी पहिली चकती घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापली होती. काळीकुट्ट, एकदम झकास. सेन्सरला मात्र सगळंच पांढरं! आख्खी रात्र वायरिंग उलटसुलट करण्यात गेली. दोष शाईचा होता. काही काळ्या शाया आपल्याला दिसणारा प्रकाश शोषतात, पण इन्फ्रारेड शोषत नाहीत. लेझर प्रिंटरच्या टोनरमध्ये सहसा कार्बन असतो, तो इन्फ्रारेडही गिळतो. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढली आणि काम झालं.

म्हणून आधी सेन्सर ए-० पिनला जोडा, चाक हाताने फिरवा आणि सीरियल मॉनिटरवरचे आकडे बघा. पांढऱ्यावर शंभर-दीडशे, काळ्यावर आठशेच्या वर, असं असेल तर मस्त. चारशे-पाचशे असेल तर शाई किंवा अंतर बदला, कोडला हात लावू नका. पट्टीच्या कडेवर सिग्नल थरथरतो आणि एकच पट्टी तीनदा मोजली जाते, तेव्हा मध्ये ७४एचसी१४ ही श्मिट ट्रिगर चिप टाका.

मग दोन चाकांचे दोन सेन्सर युनोच्या २ आणि ३ या इंटरप्ट पिनना. चाक ६५ मिलिमीटरचं असेल तर परीघ साधारण २०४. दहा काळ्या, दहा पांढऱ्या पट्ट्या, म्हणजे फेरीला २० मोजण्या आणि दर मोजणीला एक सेंटिमीटर. ज्या चाकाचा आकडा पुढे जाईल, त्याचा वेग थोडा कमी करायचा, बस्स. पट्ट्या वाढवण्याचा मोह होईल, पण त्या फार बारीक केल्या तर सेन्सरला काळं-पांढरं एकत्र दिसतं. आणि हो, एका सेन्सरला चाक पुढे जातंय की मागे, ते कळत नाही. त्यासाठी दुसरा सेन्सर अर्ध्या पट्टीच्या अंतराने लावावा लागतो.

स्पर्धेच्या हॉलमध्ये टेबल खिडकीजवळ आलं तर सेन्सरवर काळ्या पुठ्ठ्याची टोपी घाला, उन्हातही भरपूर इन्फ्रारेड असतं. गुळगुळीत टाइल्सवर चाक जागच्या जागी घसरलं, तर एन्कोडरला वाटतं गाडी पुढे गेली. तेव्हा रन घेण्याआधी टायर ओल्या फडक्याने पुसून, सुकवून घ्या.