कूतच्या वेढ्यातली दोन ताटं

दीड पौंड आटा, चार औंस डाळ, दोन औंस तूप, थोडा गूळ, मीठ-मसाला आणि चिमूटभर चहा. पहिल्या महायुद्धात समुद्रापार गेलेल्या हिंदुस्थानी शिपायाचा रोजचा शिधा साधारण असा होता. आजच्या मापात पावणेसातशे ग्रॅमच्या वर पीठ आणि मूठ-दोन मुठी डाळ. मांस अधूनमधून, बटाटे मिळाले तर. सातारा-रत्नागिरीकडच्या पोराला ही यादी घरच्यापेक्षा भरभक्कमच वाटली असणार. घरी रोजची भाकरी जोंधळ्याची नाहीतर नाचणीची, सोबत कुळथाचं पिठलं, आणि गहू सणासुदीला. शिवाय हा शिधा फुकट होता. छावणीत शांततेच्या काळात शिपाई आपल्या पगारातून पलटणीच्या बनियाकडून धान्य विकत घेई. भाव फारच चढले तर सरकार वर थोडा भत्ता देई. शांततेतही शिधा फुकट मिळू लागला तो १९१७ साली. त्याच्या आदल्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तैग्रिस नदीच्या काठी, कूत-अल-अमारा नावाच्या मातीच्या घरांच्या गावात, या यादीतली एकेक वस्तू गळत गेली.

पानिपतावर अन्नावाचून लष्कराचे काय हाल झाले ते आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कूतची उपासमार तुलनेने विस्मरणात गेली, आणि तिथे अडकलेल्या फौजेच्या नावातच पुणं होतं. सहावी (पूना) डिव्हिजन, सेनापती मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड. तिच्यात १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७वी मराठा पलटण होती. देशावरची आणि कोकणातली माणसं. जोडीला पंजाबी, राजपूत, गुरखे आणि मोजक्या ब्रिटिश पलटणी.

१९१४च्या नोव्हेंबरात इराणी आखातातल्या तेलाची राखण करायला म्हणून ही मोहीम निघाली. बसरा हाती आलं, मग एकेक गाव सोपं गेलं, आणि बगदादचा मोह सुटेना. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफोनला तुर्कांशी गाठ पडली. तिथे डिव्हिजनचा एक मोठा हिस्सा जखमी किंवा ठार झाला. उरलेली फौज नदीच्या काठाकाठाने मागे फिरून ३ डिसेंबरला कूतमध्ये शिरली. नदीने तीन बाजूंनी वळसा घातलेलं हे गाव. ६ तारखेला घोडदळ बाहेर काढून दिलं, ७ तारखेला वेढा पक्का झाला. तोफखान्याची घोडी, खेचरं आणि सामानाची जनावरं मात्र आतच राहिली. त्यांनाही दाणा लागत होता, आणि तोही त्याच कोठारातून. कूतचा हिशेब वाचताना ही गोष्ट पुन्हापुन्हा आठवावी लागते.

टाउनशेंडनी सुरुवातीला वर कळवलं की ब्रिटिश सैनिकांना पुरेल असं अन्न एक महिन्याचं आहे आणि हिंदुस्थानी शिपायांना पुरेल असं पंचावन्न दिवसांचं. शिधा लगेच कापला नाही, गावातली घरंही झडती घेऊन पाहिली नाहीत. गावात सहाएक हजार अरब रहिवासी होते. त्यांना बाहेर काढण्याचा विचार झाला, पण राजकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्यावरून बहुतेकांना तिथेच ठेवलं. महिन्याभराचंच अन्न उरलंय म्हटल्यावर सोडवायला निघालेल्या फौजेला उसंत कुठली. अर्धवट तयारीची, पुरेशा तोफा-तंबू-दवाखान्याविना ती जानेवारीतच तुर्कांच्या खंदकांवर आदळली. शेख साद, वादी, हन्ना अशा एकामागोमाग लढाया झाल्या. चिखल, पाऊस, थंडी, आणि उघड्यावर पडलेले जखमी. मग जानेवारीच्या शेवटी गावात झडत्या झाल्या, लोकांनी दडवलेलं धान्य बाहेर निघालं, आणि टाउनशेंडनी कळवलं की आपण आणखी चौऱ्याऐंशी दिवस काढू. हा आकडा डिसेंबरात निघाला असता तर जानेवारीतली घाई टळली असती. कूत सोडवण्यासाठी चार महिन्यांत तेवीस हजारांच्या आसपास माणसं जायबंदी झाली किंवा मेली. आत अडकलेली फौज तेरा-चौदा हजारांची.

सापडलेलं धान्य बहुतेक बार्ली, म्हणजे जव. ते दळायला पुरेशी जाती नव्हती, म्हणून विमानातून जात्याचे दगड टाकले गेले. भाजीचं बीही वरूनच आलं आणि छावणीत वाफे काढून पेरलं. जानेवारीच्या अखेरीस घोडी कापायला सुरुवात झाली.

इथे एका वेढ्यात दोन ताटं मांडली गेली. ब्रिटिश सैनिकाच्या ताटात पांढऱ्या पिठाचा पाव आणि घोड्याचं मांस. हिंदुस्थानी शिपायाच्या ताटात आटा, पुढे जवाचं पीठ, आणि मांस नाहीच, कारण घोडा खायला त्यातल्या बहुतेकांनी नकार दिला. हिंदूंनी दिला तसा मुसलमानांनीही. मराठा शिपाई शाकाहारी नव्हता. बोकड-कोंबडं त्याला चालत होतं. पण ज्या जनावराला दसऱ्याला हळदकुंकू लावायचं ते चुलीवर चढवायचं ही कल्पना त्याला सोसणारी नव्हती. टाउनशेंडनी हिंदुस्थानातून धर्माधिकाऱ्यांच्या परवानग्या तारेने मागवल्या. त्या आल्या, वाचून दाखवल्या गेल्या, आणि फारसा फरक पडला नाही.

इंग्रजी वृत्तांतांत या नकाराला बहुधा धर्मवेड किंवा हटवादीपणा म्हटलेलं आढळतं. त्याच वृत्तांतांत शिपायांनी दिलेलं कारणही नोंदलेलं आहे. गावाकडे कळलं तर आपल्या घरात कुणी मुलगी देणार नाही, आपली कुणी करणार नाही. हे भय देवाचं नव्हतं, भावकीचं होतं. वाळीत पडणं म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला दिल्लीच्या किंवा काशीच्या तारेने दिलासा मिळत नाही. ती तार गावच्या पंचांची नव्हती. पलटणी एकेका मुलखातून भरलेल्या. शेजारचा शिपाई म्हणजे शेजारच्या वाडीतला माणूस. कोण काय जेवलं ते वर्षभरात घरी पोचणारच होतं. एकट्याने खाऊन भागण्यासारखं नव्हतं. खायचं तर सगळ्यांनी एकदम. शेवटी झालंही तसंच. एप्रिलमध्ये पीठ दिवसाला पाच औंसांवर, म्हणजे जेमतेम दीडशे ग्रॅमवर आलं. खाणार नाहीत त्या हिंदुस्थानी अंमलदारांच्या जागी खाणाऱ्यांना बढती देऊ, असं टाउनशेंडनी बजावलं. त्यानंतर काही दिवसांत हजारोंनी घोडा खाल्ला. तोवर शरीरं खंगली होती आणि घोडीही फारशी उरली नव्हती.

दरम्यान दोन्ही ताटांनी आपापले रोग आणले होते. वेढ्याच्या पहिल्या महिन्यांत ब्रिटिश सैनिकांना बेरीबेरी झाली. पाय सुजायचे, बधिर व्हायचे, हृदय थकायचं. हिंदुस्थानी शिपायांत ती जवळजवळ नव्हती. कोंड्यासकट दळलेल्या आट्यात जे होतं ते पांढऱ्या मैद्यात नव्हतं. पुढे पांढरं पीठ संपलं, ब्रिटिशांच्या पावातही आटा आणि जव आलं, आणि बेरीबेरी ओसरली. नाइलाजाने खाल्लेल्या हलक्या पिठाने त्यांना वाचवलं. उलट बाजूला हिंदुस्थानी शिपायांच्या हिरड्या सुजून रक्त येऊ लागलं, जुन्या जखमा उघडल्या, सांधे आखडले. ही स्कर्व्ही. घोड्याचं ताजं मांस खाणाऱ्यांना ती फारशी झाली नाही. डिव्हिजनचे मुख्य वैद्यकीय अधिकारी कर्नल पॅट्रिक हेहिर यांच्या डोळ्यांसमोर हे घडत होतं. एकाच्या ताटातली उणीव दुसऱ्याच्या ताटात भरून निघत होती, आणि ताटं मात्र वेगळी.

शिपायांनी आपल्या परीने इलाज शोधला. वसंतात नदीकाठी हिरवळ फुटली तेव्हा तिथला पाला खुडून आणून शिजवला. कोकणात पहिल्या पावसानंतर टाकळा-कुर्डू ओळखून आणणाऱ्या आयांची ही मुलं. पण ही माती परकी होती. काही पाला विषारी निघाला आणि माणसं आजारी पडली. ब्रिटिश अधिकारी साळुंकीच्या कुळातले पक्षी मारून भाजत. कुत्री-मांजरंही गेली. टाउनशेंड यांचा ‘स्पॉट’ हा टेरियर मात्र वाचला. शरणागतीनंतर तुर्की सेनापतीच्या मेहरबानीने तो सुखरूप बसऱ्याला पोचता झाला. हा तपशील मला नको तिथे आठवतो.

१५ एप्रिलपासून विमानांनी पिठाची पोती, साखर, मीठ, चॉकलेट टाकायला सुरुवात केली. वेढ्यातल्या फौजेला विमानातून रसद पुरवण्याचा जगातला हा पहिला मोठा प्रयत्न. त्या काळच्या लाकूड-कापडाच्या विमानांना झेपणार किती? रोज पाच हजार पौंडांचा बेत होता, प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही पोचता आलं नाही. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांच्या हद्दीत. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ ही आगबोट २७० टन सामान घेऊन अंधारात वर निघाली, आणि कूतच्या अलीकडेच नदीत आडव्या टाकलेल्या तारदोराला अडकून तुर्कांच्या हाती पडली. मग लाच देण्याचाही प्रयत्न झाला. त्यासाठी गेलेल्यांत पुढे ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून गाजलेला तरुण अधिकारी होता. तुर्कांनी नकार दिला. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली.

भुकेल्यांच्या हाती पहिल्यांदा पडलं ते तुर्की लष्कराचं बिस्किट. भरड पिठाचं, दगडासारखं कडक, ढेकूळच जणू. काहींनी भिजवायची वाट न पाहता ते खाल्लं. महिनोन्महिने आकसलेल्या आतड्यांना ते पेललं नाही, आणि शुमरानच्या तळावर पहिल्या आठवड्यातच जुलाबाने माणसं पटापट मेली. पुढे बगदाद, समारा, मोसुल असा बहुतांशी पायी प्रवास, आणि बऱ्याच हिंदुस्थानी शिपायांच्या वाट्याला रास-अल-ऐनच्या रेल्वेवरची मजुरी. ब्रिटिश सैनिकांपैकी सुमारे सत्तर टक्के कैदेत मेले, हिंदुस्थानी शिपायांतही बळी हजारोंनी गेले. कूतमध्ये इंग्रजांना मदत केल्याच्या आरोपावरून तुर्कांनी गावातल्या काही अरबांना फाशी दिलं. टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले. कूतच्या हिंदुस्थानी कैद्यांचं जगणं आतून सांगणारं शिशिर सर्वाधिकारींचं पुस्तक बंगालीत आहे. ते बंगाल अँब्युलन्स कोअरमध्ये होते, लिहिते होते. मराठा पलटणींतला बहुतेक शिपाई अंगठा उठवणारा.

१९१७ साली मेसोपोटेमिया चौकशी आयोगाचा अहवाल आला, भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला, आणि हिंदुस्थानी शिपायाच्या शिध्यातल्या उणिवाही उघड्यावर आल्या. हा प्रश्न एकट्या कूतचा नव्हता. वेढ्याबाहेर, पोट भरेल इतकं अन्न असणाऱ्या पलटणींतही १९१६ सालभर स्कर्व्हीचे हजारो रुग्ण निघाले होते, आणि त्यांना घोडा खाण्या-न खाण्याचा सवालच आला नव्हता. टाउनशेंडनी १९२०च्या आपल्या पुस्तकात घोड्याच्या मांसाला दिलेल्या नकारावर बराच ठपका ठेवला. मला तो सोयीचा वाटतो. शिपायाने मांस वेळेवर खाल्लं असतं तर वेढा काही दिवस लांबला असता, हे खरं. पण पीठ-डाळ-तुपाच्या यादीत ताजं काहीच नसावं, हे ठरवणारी माणसं कूतमध्ये नव्हती.

अहवालाच्याच वर्षी, १९१७ साली, लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोन संशोधिकांनी लष्करासाठी एक स्वस्त तोड सुचवली. अख्खं कडधान्य दिवसभर भिजवायचं, ओलसर ठेवून एक-दोन दिवस मोड आणायचे, आणि फार न शिजवता खायचं. वाळलेल्या दाण्यात स्कर्व्ही रोखणारं काही नसतं, मोडांत ते तयार होतं. मटकी फडक्यात बांधून ठेवणाऱ्या कुठल्याही मराठी घराला यात नवल वाटणार नाही. पण कोठारातून शिपायाला मिळत होती ती डाळ, सोललेली आणि भरडलेली. तिला मोड येत नाहीत. ती लवकर शिजते, सरपण कमी लागतं, आणि त्या उजाड मुलखात सरपणाची मारामार, म्हणून डाळ. पुढे याच प्रयोगशाळेत चिंच, आमचूर आणि आपलं आमसूल यांचीही परीक्षा झाली. निष्कर्ष १९१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ताज्या लिंबापुढे ही सुकी आंबटं फिकी ठरली. त्याआधीच्या प्रयोगांत, आरमार वर्षानुवर्षं ज्याच्या भरवशावर होतं तो छोट्या हिरव्या लिंबाचा बाटलीबंद रसही पिवळ्या लिंबाच्या मानाने कितीतरी दुबळा निघाला होता.

शिधा सुधारला. भाजी, बटाटे, मांस, आंबट यांचं प्रमाण वाढलं. ११७व्या मराठा पलटणीला मेसोपोटेमियातल्या कामगिरीबद्दल १९२१ साली ‘रॉयल’ हे बिरुद मिळालं. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी फौज पुन्हा त्याच इराकमध्ये उतरली, तेव्हाही ब्रिटिश सैनिकांचा आणि हिंदुस्थानी शिपायांचा शिधा दोन वेगळ्या तक्त्यांवरूनच निघत होता.