बळीच्या दारीचा राखणदार

श्रावणातील पौर्णिमा ही धाग्यांची पौर्णिमा होय. या दिवशी श्रावणी करणारे नवे यज्ञोपवीत धारण करतात, बहीण भावाच्या मनगटी राखी बांधते आणि आमच्या वसईच्या राजोडी, कळंब, अर्नाळा या किनाऱ्यावरचे दर्यावर्दी सागरास नारळ वाहून त्याची करुणा भाकतात. तिन्ही विधींच्या पोटी एकच याचना आहे, ती रक्षणाची. या रक्षणाचा अर्थ आम्ही उभा जन्म कीर्तनातून सांगत आलो. तो आम्हांस थोडाबहुत उमगला राजोडीस, आणि तोही निरुत्तर झाल्यावर.

२०२१ सालची गोष्ट. त्या वर्षी १७ मे रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईसमोरून भर समुद्रातून उत्तरेस गेले व त्याच रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर आदळले. तेलक्षेत्रातील ‘पी-३०५’ ही कामगारांची नौका बुडाली, अनेक घरांचे कर्ते पुरुष गेले. आमच्या किनाऱ्यावर सुरूची झाडे मुळासकट आडवी झाली, वाड्यांतील केळी भुईसपाट झाल्या. महामारीने माणसे आधीच धास्तावलेली. त्यात देवळांची कवाडेही बंद. ती उघडली पुढे ७ ऑक्टोबरास, घटस्थापनेच्या दिवशी. त्यामुळे २२ ऑगस्टची नारळी पौर्णिमा आली तेव्हा आमचे कीर्तन राजोडीस एका घरच्या अंगणात, मोजक्याच श्रोत्यांपुढे झाले. आख्यान गजेंद्रमोक्षाचे लावले होते. भगवंत गरुडावरून धावत आले, नक्राचे तोंड फाडले, गजेंद्र सुटला; झांज थांबली, आरती झाली.

मंडळी पांगल्यावर एक वृद्ध बाई जवळ आल्या. त्यांचे यजमान फार वर्षांपूर्वी होडी घेऊन गेले ते परतले नव्हते. त्या म्हणाल्या, “बुवा, हत्तीसाठी देव धावला म्हणता. आमच्या माणसासाठी का नाही धावला?” आम्ही शास्त्राप्रमाणे प्रारब्ध, कर्मगती वगैरे सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “प्रारब्ध मला ठाऊक आहे, बुवा. मी विचारते, तेव्हा देव कुठे होता?”

आम्ही गप्प राहिलो. खरे सांगावयाचे तर आमचे ते उत्तर पोथीतले असले तरी त्या क्षणी दुष्टपणाचेच होते. दुःखिताच्या पदरी त्याचाच दोष बांधणे हे कीर्तनकाराचे काम नव्हे.

घरी येऊन भागवताचा तोच आठवा स्कंध पुन्हा उघडला. गजेंद्रापासून निघालेला हा स्कंध बळीवरून मत्स्यावतारापाशी येऊन थांबतो, हे शेकडो वेळा वाचूनही त्यातील क्रम आमच्या नजरेतून सुटला होता. गजेंद्राची सुटका होते खरी. पण ती सहस्र वर्षांच्या झुंजीनंतर, सगेसोयरे हतबल झाल्यावर. बळीचे तर काहीच वाचत नाही. तीन पावलांत राज्य जाते, गुरूचा शाप मिळतो, आप्त सोडून जातात आणि गरुड त्याला बांधतो, तेही वरुणपाशांनी! वरुण म्हणजे ज्यास आज आपण नारळ वाहतो तोच जलाधिपती. राखी बांधताना म्हणावयाच्या मंत्रातही याच बळीच्या बंधनाचे स्मरण आहे. ज्याचे सर्वस्व हरपले त्याचे नाव घेऊन आपण रक्षण मागतो, हा विचार आजवर आम्हांस कसा शिवला नाही, नकळे.

त्या प्रसंगी बळीची पत्नी विंध्यावली पुढे येऊन हात जोडते. ती गेलेले राज्य मागत नाही. आणि मग भगवंत बळीस सुतलात स्थान देऊन स्वतः गदा घेऊन त्याच्या दारी उभे राहतात. इंद्राला स्वर्ग मिळाला, पण दाराशी देव मिळाला तो सर्व गमावलेल्याला. मत्स्यावतारातही तसेच. सत्यव्रताचा प्रलय टळत नाही. वासुकीच्या दोराने त्याची नौका मत्स्याच्या शिंगास बांधली जाते आणि प्रलयाच्या पाण्यातच ती फिरत राहते.

कोणी यावरून असे म्हणेल की, देव दोर धरून आहे तर वादळाच्या सूचना कशाला ऐकाव्यात? असे भाविक आम्ही पाहिले आहेत आणि त्यांची भक्ती आम्हांस आळसाचीच बहीण वाटते. सत्यव्रतालाही सात दिवस आधी सूचना मिळाली होती व औषधी, बीजे गोळा करण्यास सांगितले होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या, हवामान खात्याचा इशारा ऐकताच परत फिरणे, यांत श्रद्धेस कोठेही उणेपणा नाही. तौक्तेच्या वेळीही अगोदर इशारा मिळाला, म्हणूनच कित्येक होड्या वेळेत किनाऱ्याला लागल्या.

पुढल्या वर्षी, ११ ऑगस्ट २०२२ रोजी, आम्ही राजोडीस बळीचे आख्यान लावले. त्या बाई मागच्या ओळीत बसल्या होत्या. विंध्यावलीच्या प्रसंगी त्यांनी पदर डोळ्यांस लावला. आम्हांस त्यांच्याकडे पाहण्याचे धैर्य झाले नाही. आख्यान संपल्यावर आम्हीच त्यांच्याजवळ गेलो आणि म्हणालो, “बाई, गेल्या वर्षी तुम्हांला दिलेले उत्तर आमचे चुकले.”

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तो गेला त्या रात्री मी दार लावलेच नव्हते, बुवा. पहाटेपर्यंत उघडे होते. कोणीतरी दाराशी बसले आहे असे वाटत होते. शेजारीण असेल म्हणून मी पाहिले नाही.” एवढे बोलून त्या नातवासोबत किनाऱ्याकडे निघाल्या. भरती लागत होती. नातवाने होडीच्या नाळीला हळदकुंकू लावले, बाईंनी हातातील राखीचा धागा तेथेच बांधला आणि नारळ पाण्यात सोडला.