मराठीचा ‘ने’ आणि हिंदीचा ‘ने’
शेजारची भाषा : भाग ७

मागच्या आठवड्यात ‘तू, तुम, आप’ची उतरंड पाहिली. आज मराठी माणसाच्या हिंदीतली सर्वांत चिवट चूक.

‘उसने कल ही जाना चाहिए था.’ वर्ध्याच्या बसस्थानकावर, बँकेत, भाजीबाजारात असे वाक्य सहज कानावर पडते आणि मराठी कानाला त्यात काही वावगे वाटत नाही. वाटणार तरी कसे? ‘त्याने कालच जायला हवे होते’ हेच ते वाक्य, फक्त हिंदी शब्दांत. प्रमाण हिंदीत मात्र ते ‘उसे कल ही जाना चाहिए था’ असे होते. हिंदीत कर्तव्य सांगताना ‘ने’ येत नाही, ‘को’ येतो. उसने नव्हे, उसे. आमच्या ‘त्याने जावे’, ‘त्याने जायला हवे’, ‘त्याने करायचे आहे’ या तिन्ही रचनांत ‘ने’ इतका मुरलेला आहे की हिंदी बोलतानाही तो हटत नाही. दिल्लीकडची मंडळी पंजाबीच्या वळणाने सर्रास ‘मैंने जाना है’ म्हणतात, तेव्हा आपल्याला साक्षीदार मिळाल्यासारखे वाटते. पण परीक्षेच्या पेपरात ही साक्ष चालत नाही.

परीक्षेचा विषय वर्ध्यात निघणारच. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ साली इथेच स्थापन झाली आणि तिचा परिसर हिंदीनगर म्हणून ओळखला जातो. प्राथमिक, प्रारंभिक, प्रवेश, परिचय, कोविद ही तिच्या परीक्षांची चढण महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आई-आजोबांनी चढलेली असते. त्याआधी, १९१८ पासून, मद्रासकडे हिंदी प्रचाराचे काम सुरू होते. तमिळ विद्यार्थ्याला हा ‘ने’ सर्वस्वी परका. तो नियम पाठ करतो, उदाहरणे घोकतो, आणि म्हणूनच नीट लिहितो. मराठी विद्यार्थी ‘ने’ ओळखीचा आहे म्हणून नियमाचे पान उलटून पुढे जातो.

ओळख आहे, पण अर्धी. मराठीचा ‘ने’ तीन घरची धुणीभांडी करतो, हिंदीचा एकाच घरी कामाला आहे. ‘रामने पत्र लिहिले’ हे एक घर, आणि तेवढेच दोन्ही भाषांना सामाईक : राम ने पत्र लिखा. क्रिया पुरी झालेली, क्रियापद सकर्मक, तिथे कर्त्याला ‘ने’. ‘चाकूने कापले’, ‘बसने आलो’, ‘भीतीने पळाला’ हे दुसरे घर, साधनाचे आणि कारणाचे. तिथे हिंदीत ‘से’ : चाकू से काटा, बस से आया, डर से भागा. तिसरे घर कर्तव्याचे, ते वर आलेच.

सामाईक घरातही सगळे जुळते असे समजू नका. मराठीत ‘मी’ आणि ‘तू’ यांना ‘ने’ लागत नाही. मी पोळी खाल्ली, तू पोळी खाल्लीस. हिंदीत मात्र मैंने रोटी खाई, तूने रोटी खाई. नवशिक्याच्या तोंडून ‘मैं रोटी खाया’ जाते ते यामुळे. क्रियापद कर्माप्रमाणे फिरवायचे हे त्याला मराठीतून ठाऊक असते, पण ‘ने’ सुटला की तेही सुटते. इथे वऱ्हाडी बोलणाऱ्याच्या पदरात एक जुनी ठेव आहे. खेड्यातला माणूस ‘म्या केलं’, ‘त्वा केलं’ म्हणतो. ज्ञानेश्वरांच्या काळच्या ‘मियां’, ‘तुवां’चीच ही रूपे. प्रमाण मराठीने ती टाकली, बोलीने राखली. ‘म्या’च्या जागी ‘मैंने’ ठेवले की काम झाले. हीच गोष्ट ‘काय करून राहिला?’ची. पुण्यात या वाक्याला हसतात, पण ‘क्या कर रहा है?’ शिकायला वर्ध्याच्या मुलाला वेगळा धडा लागत नाही.

खरी फजिती होते ती क्रियापदांच्या निवडीत. ‘तो म्हणाला’ यात मराठीत ‘ने’ नाही. हिंदीत ‘उसने कहा’. पण ‘बोलना’ला हिंदीतही सहसा ‘ने’ नको : वह बोला. म्हणून मराठी माणूस ‘कहना’ टाळून ‘मैं बोला, वो बोली’ करत राहतो, कारण ते त्याच्या ‘बोललो’, ‘बोलली’शी जुळते. ‘ती हिंदी शिकली’, पण उसने हिंदी सीखी. ‘तो चहा प्यायला’, पण उसने चाय पी. शिंका आणि खोकला तर अकर्मक, तरी हिंदी तिथे पुष्कळदा ‘ने’ मागते : उसने छींका, उसने खाँसा. का, ते विचारू नका. हा रूढीचा कारभार आहे.

उलट दिशेचा खड्डा ‘लाना’चा. त्याने पुस्तक आणले, म्हणून मराठी विद्यार्थी ‘उसने किताब लाई’ लिहितो. हिंदी म्हणते ‘वह किताब लाया’. याचे कारण मात्र सांगता येते. ‘लाना’ हे मुळात ‘ले आना’, आणि त्यातल्या ‘आना’ला ‘ने’ चालत नाही. ‘त्याने नेले’चे ‘वह ले गया’ होते तेही ‘जाना’मुळे. संयुक्त क्रियापदात शेवटचे क्रियापद काय म्हणते ते पाहावे, हा या लेखातला सर्वांत उपयोगी नियम समजा.

या सगळ्याने कुणी खचू नये. ‘ने’ खुद्द हिंदीवाल्यांनाही सोपा नाही. भोजपुरी आणि अवधी बोलीत तो नाहीच. १९९७ साली वर्ध्यात सुरू झालेल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात पूर्व उत्तर प्रदेशातून, बिहारमधून मुले येतात. त्यांच्या घरच्या बोलण्यातले वळण ‘हम खाना खाए’ असे. आमच्याकडे ‘ने’ जास्तीचा पडतो, त्यांच्याकडे तो गळतो. एकाच चहाच्या टपरीवर या दोन चुका शेजारी शेजारी ऐकू याव्यात, अशी जागा हिंदीच्या नकाशावर फार नसेल.

शंका आली तर कामताप्रसाद गुरू यांचे ‘हिंदी व्याकरण’ उघडावे. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने १९२० साली ते प्रसिद्ध केले. गुरू जबलपूरचे, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रांतातले, वर्धाही त्याच प्रांतात. मराठी वाचकाला या ग्रंथाची मांडणी ओळखीची वाटते ती उगाच नाही : गुरूंनी मो. के. दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या १९११ च्या ग्रंथाचा आधार घेतला होता. हिंदी शाळकरी पुस्तकांतले नियम पाठ करण्यापेक्षा गुरूंची ‘ने’वरची पाने एकदा सावकाश वाचणे केव्हाही चांगले.

पुढच्या भागापर्यंत ही चार वाक्ये हिंदीत करून ठेवा : ‘आजी दोनदा शिंकली.’ ‘मामांनी संत्री आणली.’ ‘तू गोळी घ्यायला हवी होतीस.’ ‘पावसाने कापूस भिजला.’ शेवटच्या वाक्यातला ‘ने’ तुम्ही बिनचूक सोडवाल, पण कपास भीगा की भीगी, तिथे अडाल. पुढचा भाग लिंगावर आहे.