आधी दुर्बिणीला तारे दाखवा!

खोक्यावर शनीच्या कड्यांचे झोकदार चित्र असते. बटण दाबा आणि हजारो तारे पाहा, असे आश्वासनही असते. बोनसमधून पैसे बाजूला टाकून अशी संगणकी दुर्बीण घरात येते आणि पहिल्याच रात्री सारे कुटुंब गच्चीवर जमते. मुलगी यादीतून शनी निवडते, मोटर घरघरते, नळी डौलात वळते आणि थांबते ती नेमकी पाण्याच्या टाकीसमोर! दोन-तीन रात्री असेच झाले, की दुर्बीण माळ्यावर जाते आणि मुलांची हौसही तिच्या मागोमाग जाते.

बहुतेक वेळा यंत्रात काहीच बिघडलेले नसते. राहिलेली असते ती फक्त जुळणी, म्हणजेच अलाइनमेंट.

हौशी निरीक्षकांच्या हाती संगणकी दुर्बीण खऱ्या अर्थाने आली ती १९९२ मध्ये, अमेरिकेतल्या मीड कंपनीच्या एलएक्स-२०० या मॉडेलमुळे. १९९९ मध्ये सेलेस्ट्रॉनची नेक्सस्टार आली आणि हे तंत्र मध्यम आकाराच्या दुर्बिणींपर्यंत पोहोचले. पण या संगणकाजवळ असते काय? कोणता तारा आकाशात कुठे, याची भली मोठी यादी. आपली नळी या क्षणी कुठे रोखली आहे, हे त्याला ठाऊक नसते. परक्या गावात डोळे बांधून सोडलेल्या माणसाच्या हाती उत्तम नकाशा दिला, तरी त्याला आधी दोन ओळखीच्या खुणा दाखवाव्या लागतात. दुर्बिणीच्या बाबतीत या खुणा म्हणजे दोन तारे.

दिवसाच उरकायचे काम

मुख्य नळीवर एक छोटी दुर्बीण किंवा लाल ठिपक्याचा दर्शक असतो. तो ‘फाइंडर’. फाइंडर एकीकडे आणि नळी दुसरीकडे पाहत असेल, तर पुढची सारी मेहनत फुकट. म्हणून उजेड असतानाच एखाद्या लांबच्या मोबाइल टॉवरचे किंवा देवळाच्या कळसाचे टोक मुख्य नळीच्या मध्यभागी आणावे आणि फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्याही मध्यावर आणावे. मात्र हे करताना नळी सूर्याच्या आसपाससुद्धा जाता कामा नये. दुर्बिणीतून क्षणभर सूर्य दिसला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. मुलांना या कामात एकटे सोडू नये.

तिपाई समतल आहे की नाही, ते गवंड्याच्या पाणसळीने पाहावे. बॅटरीचे सेल अर्धवट उतरलेले असले, तर ही यंत्रे अगदी चक्रमासारखी वागतात. घरातून वीज घेता येत असेल, तर अॅडाप्टर बरा.

अमेरिकी तारीख, भारतीय वेळ

ज्या दुर्बिणीत जीपीएस नसते, तिला ठिकाण, तारीख आणि वेळ आपणच सांगायची असते. बरीच यंत्रे अमेरिकी पद्धतीने आधी महिना आणि मग दिवस मागतात. ५ एप्रिल घालायला गेलेला माणूस नकळत ४ मे घालून मोकळा होतो. टाइम झोन अधिक साडेपाच तास, रेखांश पूर्व, आणि उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची पद्धत आपल्याकडे नसल्याने तिथे ‘स्टँडर्ड’ हाच पर्याय. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. साडेपाचऐवजी पाच तास पडले, तर नळी ताऱ्यापासून साडेसात अंश दूर जाऊन थांबते. पौर्णिमेचे पंधरा चंद्र ओळीने मांडावेत एवढी ही चूक! आयपीसमधून दिसतो तो तुकडा जेमतेम दोन चंद्रांएवढा.

रोहिणी म्हणजेच अल्डेबरन

खरी अडचण येते ती इथे. यंत्र म्हणते, ‘कॅपेला दाखवा.’ आता कॅपेला कोणती? ज्या घरात पंचांग आहे, तिथे रोहिणी, चित्रा, स्वाती ही नावे आजीलाही पाठ असतात, पण यंत्राची भाषा वेगळी. एका कागदावर जोड्या लिहून तो खोक्याच्या झाकणाला चिकटवावा: व्याध सिरियस, ब्रह्महृदय कॅपेला, रोहिणी अल्डेबरन, मघा रेग्युलस, चित्रा स्पायका, स्वाती आर्क्टुरस, अभिजित व्हेगा, ज्येष्ठा अँटारेस. एवढ्या आठ नावांवर जवळजवळ वर्षभराचे काम भागते.

दोन तारे एकमेकांना खेटून असू नयेत, की अगदी समोरासमोरही. अगदी डोक्यावरचा किंवा क्षितिजाला टेकलेला ताराही नको. जानेवारीत रात्री साडेआठच्या सुमारास आग्नेयेला व्याध आणि ईशान्येला ब्रह्महृदय ही जोडी उत्तम. मे महिन्यात साडेनऊला पश्चिमेकडे मघा आणि पूर्वेकडे स्वाती घ्यावी. सर्वांत तेजस्वी दिसला म्हणून गुरूलाच तारा समजणारे पुष्कळ असतात. तारा लुकलुकतो, ग्रह सहसा शांत असतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

तारा फाइंडरमध्ये आला, की आधी कमी मोठे दाखवणारी आयपीस लावावी, मग जास्त मोठे दाखवणारी. ‘अंदाजे मध्यावर आहे’ यावर समाधान मानू नये. फोकस मुद्दाम बिघडवला, तर ताऱ्याची मोठी गोल चकती होते. ती मध्यावर आणणे ठिपक्यापेक्षा कितीतरी सोपे जाते. दंतचक्रांच्या दात्यांमध्ये थोडी ढिलाई असते. म्हणून शेवटचे सरकवणे दोन्ही ताऱ्यांसाठी एकाच बाजूने करावे, उदाहरणार्थ वरच्या आणि उजव्या बाणानेच. काही यंत्रांची दिशा वेगळी असते. ती पुस्तिकेत पाहून घ्यावी.

इक्वेटोरियल बैठकीची दुर्बीण असेल, तर त्याआधी तिचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. ध्रुवतारा आपल्या अक्षांशाइतकाच वर दिसतो: पुण्यात साधारण साडेअठरा अंश, दिल्लीत साडेअठ्ठावीस, तर चेन्नईत फक्त तेरा, म्हणजे बहुधा शेजारच्या इमारतीआड. होकायंत्र वापरायचे असल्यास ते लोखंडी कठड्यापासून दूर धरावे. अलीकडच्या काही दुर्बिणी कॅमेऱ्याने ताऱ्यांचा फोटो काढतात आणि स्वतःच जुळणी करून घेतात. त्यांची किंमतही तशीच असते.

जुळणी झाली की लगेच दूरच्या तेजोमेघामागे लागू नये. आधी एखादा तिसरा ठळक तारा मागून पाहावा. तो आयपीसमध्ये आला, तर काम साधले. नाही आला, तर बहुधा दोनपैकी एक तारा चुकीचा ओळखला गेलेला असतो. पुन्हा सुरुवात करावी, दहा मिनिटांचाच प्रश्न. सारे तारे बरोबर आले आणि चंद्र तेवढा चुकला, तर वेळ किंवा तारीख तपासावी, कारण चंद्र ताऱ्यांमधून तासाला सुमारे अर्धा अंश पुढे सरकत असतो.

आणि मग रांग लावावी. तिपाईच्या तिन्ही पायांभोवती खडूने रेघ ओढावी आणि सोसायटीतल्या मुलांना रेघेच्या आत पाय टाकायची मनाई करावी. एक धक्का लागला, की पुन्हा ब्रह्महृदय, पुन्हा व्याध.