कॅनूत मावेल तेवढंच

टोरांटो, ऑक्टोबरअखेर

ऑक्टोबर उजाडला की इथल्या कचेऱ्यांत, कारखान्यांत आणि गॅरेजांत रजेचे अर्ज येऊ लागतात. कारण कुणी विचारत नाही, ते सगळ्यांना ठाऊक असतं: मूसच्या शिकारीचा हंगाम. गणपतीला चाकरमानी कोकणात निघावेत तशी उत्तर ऑन्टॅरिओच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, आणि टपावर कॅनू उलटी बांधलेली असते. यंदा शेजाऱ्याच्या आग्रहावरून मीही त्याच्या मित्रमंडळींबरोबर गेलो. बंदूक मी चालवत नाही. वल्हं मारणं, लाकडं फोडणं आणि रांधणं ही कामं माझ्याकडे होती. हा देश आपल्या रानाशी कसा वागतो हे मला त्या मुक्कामात जितकं कळलं, तितकं वर्तमानपत्रांतून कधी कळलं नव्हतं.

आम्ही गेलो ते टेमागामी टोरांटोच्या उत्तरेला सुमारे साडेचारशे किलोमीटरवर आहे. खडकाळ मुलूख, एकातून दुसऱ्यात उतरणारी असंख्य तळी आणि कुऱ्हाडीतून वाचलेल्या जुन्या पाइनची बनं. ऑन्टॅरिओ प्रांताची सुमारे 87 टक्के जमीन ‘क्राउन लँड’, म्हणजे राजसत्तेच्या नावावरची सरकारी जमीन आहे. राखीव उद्यानं आणि मनाईच्या जागा सोडल्या, तर कॅनडाचा कुणीही रहिवासी तिथं एका ठिकाणी वर्षात 21 दिवसांपर्यंत फुकट तंबू ठोकू शकतो. अर्ज नाही, पावती नाही, चौकीदार नाही. गुंठ्या-गुंठ्यावरून भाऊबंदकी पाहिलेल्या माझ्यासारख्याला हे पचायला वेळ लागतो.

या मुलखातली जुनी वाट पाण्याची आहे. भूर्जाची साल, देवदाराच्या फळ्या आणि झाडांच्या मुळ्यांचे दोर यांतून इथल्या मूळ रहिवाशांनी कॅनू घडवली. वजनाला हलकी, उथळ पाण्यात चालणारी, आणि फाटली तर काठावरच्याच झाडांनी दुरुस्त होणारी. बीव्हरच्या कातड्यांचा युरोपशी चालणारा व्यापार याच नावेवर उभा राहिला आणि पुढं देशाचा नकाशाही त्याच जलमार्गांनी भरत गेला. कॅनडाने 1935 मध्ये पहिला चांदीचा डॉलर पाडला तेव्हा त्यावर कॅनूच कोरली होती. दोन तळ्यांच्या मधे जमीन आली की नाव आणि सामान पाठीवर घेऊन चालायचं, याला इथं ‘पोर्टेज’ म्हणतात. व्यापाराच्या काळातले वल्हेकरी चाळीस-चाळीस किलोचे दोन गठ्ठे एका खेपेला नेत. आजची केव्हलारची कॅनू वीस किलोच्या आतबाहेर असते. तरी ती खांद्यावर उलटी घेऊन मुळ्या-दगडांतून चालताना सामानातली एकेक अनावश्यक वस्तू आठवते. टिनचे डबे, जास्तीचं पांघरूण, दुसरं पातेलं. दुसऱ्या पोर्टेजपर्यंत गरज कशाला म्हणायचं हे प्रत्येकाला नेमकं कळलेलं असतं.

रान मोकळं असलं तरी शिकार मोकळी नाही. आधी बंदूक सुरक्षेचा अभ्यासक्रम, परीक्षा आणि परवाना. मग शिकारीचं वेगळं शिक्षण आणि त्याची परीक्षा. त्यानंतर मूसचा परवाना, आणि तरीही ‘टॅग’ मिळेलच असं नाही. हिवाळ्यात विमानातून पाहणी करून सरकार विभागवार अंदाज बांधतं आणि त्यावरून नर, मादी, वासरू यांचे टॅग ठरवतं. 2021 पासून हे वाटप गुणांवर होतं. अर्ज करूनही टॅग मिळाला नाही की त्या वर्षाचा गुण जमा होतो. आमच्या टोळीतल्या सर्वांत वयस्कर गृहस्थांनी असे गुण साठवून यंदा एका नराचा टॅग मिळवला होता. परवान्याच्या फीचे पैसे वन्यजीव आणि मासे यांच्या व्यवस्थापनासाठी राखलेल्या वेगळ्या खात्यात जातात. शिकाऱ्याच्या अंगावर कमरेच्या वर निदान 2,580 चौरस सेंटिमीटर भडक नारिंगी कापड आणि डोक्यावर नारिंगी टोपी सक्तीची. बंदूक चालवायची मुभा सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच.

मूस हा हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. भरलेला नर चारशे-पाचशे किलोंचा असतो. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो माजावर येतो आणि मादीच्या हाकेला ओ देतो. भूर्जाच्या सालीचा कर्णा करून आमचे म्होरके पहाटेच्या धुक्यात ती लांबट, कण्हल्यासारखी हाक घालत. एका पहाटे पलीकडच्या काठावरून खरंच एक धूड पाण्यात उतरलं. सरळ बंदुकीच्या टप्प्यात. पण ती मादी होती. कुणीही बंदूक उचलली नाही. आसपास कित्येक किलोमीटर माणूस नव्हता, वनाधिकारी तर नव्हताच. ती सावकाश पाणवनस्पती खात राहिली आणि आम्ही वल्ही न हलवता बसून राहिलो. नियम मोडणाऱ्याची बंदूक, नाव आणि गाडीही जप्त होऊ शकते, हे खरं. पण त्या पहाटे कुणाच्या चेहऱ्यावर जप्तीची भीती दिसली नाही. मादी टॅगवर नाही, एवढं त्यांना पुरेसं होतं.

पुढं नर आला आणि एका गोळीत पडला. म्होरक्यांनी आधी टॅगवर तारीख-वेळेच्या खुणा कापल्या, मग गुडघे टेकून चिमूटभर तंबाखू जमिनीवर ठेवली. ही इथल्या मूळ रहिवासी अनिशिनाबे लोकांची रीत, त्यांनी एका मित्राकडून घेतलेली. त्यानंतर जे सुरू झालं त्याला खेळ म्हणता येणार नाही. कातडं सोलणं, चार फऱ्या वेगळ्या करणं, कापडात गुंडाळून अस्वलांपासून दूर टांगणं. सुमारे दोनशे किलो मांस पाठीवरून आणि कॅनूतून खेप-खेप करत बाहेर काढायचं. प्रांताच्या 1997 च्या कायद्यानुसार खाण्याजोगं मांस रानात टाकून देणं किंवा नासू देणं हा गुन्हा आहे. ते विकताही येत नाही. म्हणून परतल्यावर वाटे पडले: आम्हा सगळ्यांना, एका विधवा शेजारणीला आणि म्होरक्यांच्या आजारी मित्राला.

पण ही जमीन नेमकी कुणाची, हा प्रश्न टेमागामीत टाळता येत नाही. पोर्टेजच्या वाटा टेमे-औगामा अनिशिनाबे लोकांच्या पायांनी पडलेल्या आहेत. टेमागामी तलावातल्या बेअर आयलंडवर आजही त्यांची वस्ती आहे. 1850 च्या रॉबिन्सन-ह्यूरन तहात आम्ही नव्हतोच, असं सांगत त्यांचे मुख्य गॅरी पॉट्स यांनी 1973 मध्ये जमिनीच्या दफ्तरी हरकत नोंदवली. जुन्या पाइनच्या तोडीसाठी रस्ता होऊ लागला तेव्हा 1988 आणि 1989 मध्ये तो अडवला गेला. विरोधी पक्षनेते बॉब रे यांना 1989 मध्ये तिथंच अटक झाली आणि पुढच्याच वर्षी ते प्रांताचे प्रीमियर झाले. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र जमिनीवरचा हक्क आता उरला नसल्याचा निकाल दिला, आणि त्याच निकालात सरकारने या लोकांप्रति आपलं कर्तव्य पाळलं नाही असंही म्हटलं. त्यामानाने मूसच्या शिकारीबाबतचा एक निकाल मूळ समाजांच्या बाजूने लागला. 1993 मध्ये सू सेंट मरीजवळ पावली पिता-पुत्रांनी विनापरवाना नर मारला आणि हे हिवाळ्यासाठीचं मांस आहे, अशी चिठ्ठी हाताने लिहून त्याला बांधली. दहा वर्षांनी, 2003 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मेटी या संमिश्र वंशाच्या मूळ समाजाचा हा शिकारीचा हक्क मान्य केला.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंदी आली आणि ती योग्यच होती. आपल्या दाटीच्या देशात उरलेल्या जनावरांना दुसरा आधार नव्हता. पण गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा त्या गावाने जे मागितलं होतं ते टेमागामीत पुन्हा ऐकू येतं: रानातून जे घेतो त्याचा हिशेब आम्हीच ठेवू. कॅनडाची शिकार आपल्याला नको, त्यांचं रान आणि लोकसंख्या वेगळी आहे. घेण्याजोगी आहे ती शिस्त. आधी मोजणी, मग वाटप, घेतलेलं वाया न घालवणं आणि ते आपल्या पाठीवरून वाहणं. ज्यांचा पोटाचा संबंध रानाशी आहे त्यांच्या हाती ही शिस्त सोपवावी, हे माझं मत इथं आल्यापासून पक्कं होत गेलं आहे. मात्र टेमागामीच्या मूळ रहिवाशांना ते मागायलाही अडवलेले रस्ते आणि न्यायालयांच्या पायऱ्या लागल्या. आपल्या ग्रामसभांवर ती वेळ येऊ नये.