जैतुनाचा घाणा

तेलाचा घाणा वाचकांच्या ओळखीचा आहे. मोरोक्कोत जेरहून डोंगराच्या परिसरात, मौले इद्रिस गावाजवळ, हंगामाच्या दिवसांत जैतुनाचा जुना घाणा आम्ही पाहिला, तेव्हा डोळ्यांना झापडे लावून गोल फिरणारे खेचर पाहून आम्हांस आपल्याकडील तेल्याचा बैलच आठवला.

काम मात्र निराळे. तीळ, भुईमूग हे कोरडे दाणे. जैतून हे फळ, आणि त्यात निम्मे तर पाणीच. दगडी चाक ते बियांसकट भरडते. लगदा काही वेळ घोळत राहिला म्हणजे तेलाचे सूक्ष्म थेंब एकमेकांस मिळतात. मग तो विणलेल्या गोल चटयांवर पसरून, चटयांची चळत रचून, वरून स्क्रूचा दाब देतात. कडांतून तेल व काळसर पाणी एकत्रच पाझरते. हौदात ते निवले की तेल वर तरंगते आणि कारागीर ते अलगद काढून घेतो. पाच-सहा किलो फळांमागे लिटरभर तेल पडते.

जवळच्या व्होल्युबिलिस या रोमन नगराच्या उत्खननात तेल गाळण्याच्या पन्नासाहून अधिक जागा सापडल्या आहेत.

शेतकऱ्याची खरी चिंता रांगेची. पोती आठवडाभर पडून राहिली तर फळ आतून तापते, आंबते आणि तेलातील आम्लता वाढते. सर्वोत्तम प्रतीत ती शेकडा ०.८ हून अधिक चालत नाही. एक म्हातारबाबा दोन रात्री आपल्या पोत्यांवरच बसून होते. जैतुनाचे झाड एक वर्ष भरघोस येते, पुढच्या वर्षी हात आखडते. तेव्हा हा घाणा बिघडला तर घरची बरणी दोन वर्षे रिती!

जुने ते सर्व सोने, असे आम्ही म्हणणार नाही. चटया नीट न धुतल्यास त्यांचा खवट वास तेलास लागतो, आणि ते काळे पाणी ओढ्यात सोडले तर मासे मरतात. पोलादी यंत्रांचे तेल पुष्कळदा अधिक निर्मळ असते.

अरबीत तेल म्हणजे 'जैत'. पोर्तुगीजांचा 'अझेइत', जो गोव्यातील जुन्या मंडळींच्या कानांवरून गेला असेल, तो याच शब्दापासून झालेला. चोथाही वाया जात नाही. वाळवून हमामाच्या भट्टीत जाळतात.