जुळणारा दाता कुठे सापडतो?

थॅलेसेमिया झालेल्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. यातून कायमची सुटका करणारा रुळलेला उपचार म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजेच दात्याच्या निरोगी मूळपेशी रुग्णाला देणं. लखनौत संजय गांधी संस्थेत, म्हणजे तिथल्या ‘पीजीआय’मध्ये, तो होतो. कोल इंडियाच्या मदतीने २०१७ मध्ये सुरू झालेल्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून गरीब घरातल्या मुलाला १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. पण ही योजना आखली गेली ती जुळणारं भावंड असलेल्या मुलांसाठी. खरी अडचण इथेच आहे.

जुळायला हवीत ती एचएलए नावाची प्रथिनं. पेशींवरच्या या खुणांवरून शरीर आपलं-परकं ओळखतं. त्यांचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. म्हणून सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्केच असते.

भावंड जुळलं नाही, तर स्वेच्छादात्यांच्या नोंदणीत शोध घेतात. एचएलएचे हजारो प्रकार आहेत आणि कोणते एकत्र आढळतील, ते वंशानुसार बदलतं. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात युरोपीय वंशाच्या गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७५ टक्के निघाली; दक्षिण किंवा मध्य अमेरिकी वंशाच्या कृष्णवर्णीयाला १६ टक्के. त्यांच्यात एचएलएची विविधता अधिक आणि नोंदणीत त्यांची माणसं कमी.

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लग्नं जातीतच झाली, त्यामुळे जुळणारा दाता बहुधा आपल्याच समाजात सापडतो. जगभरच्या नोंदणीत चार कोटींहून जास्त दाते आहेत. भारतात काही लाखच. फाळणीनंतर लखनौत वसलेल्या सिंधी कुटुंबातलं थॅलेसेमियाग्रस्त मूल काय, गडचिरोलीतलं सिकलसेल हा रक्ताचाच दुसरा आजार झालेलं आदिवासी मूल काय, नोंदणीत त्यांची माणसं नसतील तर शोध तिथेच खुंटतो. आई-वडिलांच्या निम्म्या जुळणाऱ्या पेशी वापरण्याची नवी पद्धत आली आहे. पण त्यात धोका जास्त.

नोंदणी सोपी आहे. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घेतात. पुढे कोणाशी जुळलंच, तर बहुतेकदा पाच दिवस इंजेक्शनं आणि मग काही तास यंत्राजवळ बसणं. एका हातातून रक्त निघतं, मूळपेशी वेगळ्या होतात, उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत जातं. भूल लागत नाही.

म्हणून नोंदणीची शिबिरं कॉलेजांत आणि कंपन्यांत थांबता कामा नयेत. आदिवासी पाड्यांवर, वस्त्यांवर, जिथे हे आजार आहेत तिथे ती जायला हवीत. आणि आपण निरोगी, १८ ते ५० वर्षांच्या दरम्यानचे असू, तर स्वतःचं नावही नोंदवायला हवं.